गोड लागतंय का?

वर्षातून एकदा, भोसरीतल्या आमच्या फाउंड्रीत,
मी माणसांच्या डोक्यावर टोपडं चढवते,
पुढे पारदर्शक खिडकी असलेलं,
आणि भोकातून आत गोड पाण्याचं धुकं सोडते.
"गोड लागतंय का?"
लागलं, तर मास्क गळतो.
नाही लागलं, तर पास.
कुणाला गोड लागू नये म्हणून
पगार घेणारी मी एकटीच असेन या शहरात.

स्वतः येते कासारवाडीहून स्कूटरवर,
तोंडाला ओढणी, डोळ्यांपुरती फट,
अख्खं पुणं बांधतं तशी.
ती काय अडवते म्हणाल, तर ऊन,
आणि नाशिक फाट्याच्या सिग्नलला ओळख काढणारे आत्येभाऊ.
धूर तिच्यातून जातो
तोरणाखालून पाहुणा जातो तसा.
मला माहीत आहे. तरी बांधते.

स्टोअरच्या खिडकीत हात येतो: "एक मास्क द्या."
कुठला, बाबा?
हा निळा तीन पदरी? हा तुझ्यासाठी नाहीच.
तुझी शिंक तुझ्याच घरी ठेवतो, एवढंच;
गालाशी उघडा, वाळूची धूळ तिथून आरामात येते.
झडपेचा घेतोस? आत घेताना गाळेल,
सोडताना नाही. आजारी आईजवळ बसायला
हा घालून जाऊ नकोस.
वाटीसारखा घे. दोन पट्ट्या आहेत,
एक टाळूवर, एक मानेवर,
जालिंदर गव्हाणे खालची लोंबती ठेवतो
सुटलेल्या लगामासारखी, तसं नको.
नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाब.
चिमटा काढलास की घडी पडते,
घडी पडली की फट.
रबरी, दोन डबड्यांचा, तो रंगखात्याचा.
त्याची तपकिरी डबडी वाफ पकडते, धूळ नाही.

शेलारांनी दाढी राखली आहे, मुलीचं लग्न ठरेपर्यंत.
नवसाला मी काय बोलू?
केसांवर मास्क बसत नाही, एवढंच सांगितलं.
पंख्याचा हुड कंपनीत एकच आहे,
त्याच्यासाठी नंबर लावा.
"स्थळं बघतोय मॅडम," ते म्हणाले. "दोन्हीकडे नंबर लावतो."

मग हणमंत कोळेकर.
सव्वीस वर्षं कास्टिंग घासतात.
आधी मास्कशिवाय चव बघायची, तसा नियम आहे.
दहा फवारे. "लागतंय का?"
वीस. तीस.
"कसं लागायला पाहिजे?"
"गोड, मामा."
टोपड्याच्या खिडकीमागे ते बराच वेळ थांबले.
"दिवाळीत घरची साखर संपली होती," म्हणाले,
"दोन दिवस बिनसाखरेचा चहा.
बायको म्हणाली, बोलला का नाही?
तिला वाटलं, तिला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो.
मी तसंच राहू दिलं."

कपाटातून दुसरी बाटली काढली. कडूची.
एकच फवारा.
"आई गं!" तोंड एवढंसं झालं,
आणि लगेच, आत, हसू.
"हे लागतं बघा मॅडम! हे लागतं!"
जणू हरवलेलं काही खिशातच सापडलं.

मग मास्क. मान डावीकडे, मान उजवीकडे,
खाली वाका, मोठ्याने बोला.
ते पाढे म्हणू लागले, सत्राचा, न चुकता.
कडू आत शिरलं नाही.
फॉर्मवर लिहिलं: पास.
शेऱ्यात लिहिलं: डॉक्टरांकडे पाठवणे.
चहाबद्दल लिहायला रकाना नव्हता.

सुट्टीचा भोंगा झाला. नळावर हात धुतले, घाईत.
गेटपाशी स्कूटर काढली, ओढणी घेतली,
एक फेरा डोक्यावरून, एक नाकाखालून,
बोटांनी टोक आत खोचलं.

गोड लागलं.